गारूबाईची झोप

४ नोव्हेंबर, सोमवार

गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, काकू, जे जे कराल ते तारीख घालून लिहून ठेवा, नाहीतर चार महिन्यांनी गाडी काढाल तेव्हा कुठे काय कोंबलंय ते आठवणार नाही. म्हणून ही वही. नातीची आहे. पहिली तीन पानं तिने गणितं करून सोडून दिलीत. गणितं चुकलीत असं मला वाटतं, पण मी चौथीपर्यंत शिकलेली, मी कोण बोलणार.

तर लिहिते. गाडीचं नाव गारूबाई. पांढरी आहे, मागे बर्फाची पेटी, बाजूला खिडकी. त्या खिडकीतून आमचे हे घंटा वाजवून आइस्क्रीम विकतात. एकतीस वर्षं झाली. थंडी आली की आइस्क्रीम कोण खाणार, म्हणून चार महिने गारूबाई मागच्या शेडमध्ये झोपते. पण अशी नुसती उभी करून चालत नाही. इंजिनाला नीट झोपवावं लागतं, नाहीतर आतून गंज धरतो. ते काम दरवर्षी हे करतात आणि मला शेडच्या आत पाऊल टाकू देत नाहीत. चहासुद्धा उंबऱ्यावर ठेवायचा, देवळात ठेवल्यासारखा.

यंदा हे गाडीच्या पायरीवरून उतरताना घसरले. गुडघ्याने दगा दिला म्हणाले. उजवं मनगट मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. मिस्त्रीला बोलावलं तर तो कमरेला पट्टा बांधून आला. डॉक्टरने त्याला वाकायचं नाही सांगितलंय. म्हणजे एकाचा हात नाही, एकाची कंबर नाही. दोघे दारात उभे राहून गाडीकडे बघत होते, जशी काही ती आपली आपण पांघरूण घेणार आहे. मी म्हटलं, मी करते.

हे म्हणाले, "तू?"

मिस्त्रीने नुसता पाना माझ्यापुढे धरला. तो तसाही बोलायला कंजूष.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला, त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आई, यंदा एवढं कशाला? वरून पुसून चकचकीत कर, बास." आजकालच्या पोरांना वरचं चकचकीत लागतं. मी म्हटलं, भांडं आधी आतून घासतात रे.

मला आज झोप येईल असं वाटत नाही. आनंदाने.

५ नोव्हेंबर, मंगळवार

तेल बदललं. मी! या हाताने!

आधी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून गरम करायचं. गरम तेलात घाण तरंगते, गार तेलात ती तळाला चिकटून बसते. हे मला सांगायला मिस्त्री कशाला हवा, कढई धुणाऱ्या कुठल्याही बाईला हे माहीत असतं. मग गाडीखाली गोणपाट पसरून मी आडवी झाले. एकतीस वर्षं या गाडीशी संबंध, पण तिचं पोट आज पहिल्यांदा पाहिलं. काळं आहे बिचारीचं.

हे खुर्चीत बसून वरून हुकूम सोडत होते. "डावीकडे फिरव! डावीकडे! अगं तुझ्या डावीकडे नाही, तिच्या!"

मी म्हटलं, "तिची डावी कुठली ते तिला विचारू का?"

मिस्त्री म्हणाला, "खालून बघता ना, उलटं होतं." एवढंच. पण त्याने बोट करून दाखवलं आणि नट सुटला. आणि मग जे तेल आलं ते थेट माझ्या बाहीतून काखेपर्यंत. मी ओरडले, हे ओरडले, मिस्त्री ओरडला नाही. मग मला असं हसू फुटलं की खालून बाहेरच येता येईना. मिस्त्रीला वाकता येत नाही, यांना ओढता येत नाही. शेवटी मी सरपटत निघाले, पाल निघते तशी.

नवं तेल भरलं. मधासारखं दिसतं. जवळजवळ सगळा डबा लागला.

बाहीचा डाग निघत नाहीये. राहू दे. काम केल्याची खूण आहे.

७ नोव्हेंबर, गुरुवार

पेट्रोलची टाकी काठोकाठ भरली. आम्ही बरणीत लोणचं भरतो तसंच. वर मोकळी जागा राहिली तर हवा धरते, हवेचं पाणी होतं, पाण्याने बिघडतं. मिस्त्री हे सांगत होता तेव्हा मी त्याचं वाक्य त्याच्याआधी पुरं केलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "काकू, तुम्ही आधी का नाही आलात शेडमध्ये?" मी यांच्याकडे पाहिलं. यांनी छताकडे पाहिलं.

पेट्रोलमध्ये एक औषध घालायचं असतं, म्हणजे ते चार महिने शिळं होत नाही. ते घालून पुन्हा दहा मिनिटं इंजिन चालवायचं, की औषध पार नळीच्या टोकापर्यंत पोचतं. तेही केलं. गारूबाईचा आवाज किती गोड आहे, घुर्रर्र. हे डोळे मिटून ऐकत होते. आता उन्हाळ्यापर्यंत हा आवाज नाही.

मुलगा आज लवकर आला आणि मोबाईलवर गाडीचे फोटो काढायला लागला. चारी बाजूंनी. मी कामाच्या मळक्या साडीतच होते तरी प्रत्येक फोटोत जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, "आई, तू जरा बाजूला हो ना, फक्त गाडी हवीय." मी म्हटलं, नुसती गाडी काय बघायची, माणूस नको का? हातात पाना धरून उभी राहिले. सूनबाई खिडकीतून म्हणाली, "अहो, राहू द्या आईंना, छान दिसतायत." गुणाची आहे सूनबाई.

मग तो फोनवर कुणाशी तरी बोलत होता. "हो हो, एकदम चालू स्थितीत आहे. बाबांनी जिवापाड जपलीय. या ना, बघून जा." मला भरून आलं. बापाच्या गाडीचं पोरगं परक्यांकडे इतकं कौतुक करतं. यांनीही ऐकलं, पण हे चहा अर्धा टाकून आत गेले. साखर कमी पडली असणार.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं काम सगळ्यात नाजूक आणि मी ते एकटीने केलं, कारण मिस्त्रीची कंबर पुन्हा धरली आणि यांना प्लास्टर दाखवायला मुलगा दवाखान्यात घेऊन गेला होता.

मिस्त्रीने फोनवर सांगितलं. चार प्लग काढा, एकेक. प्रत्येक भोकात दोन चमचे तेल घाला. मग इंजिनाच्या तोंडाशी पट्टा फिरवणारं जे चाक असतं त्याच्या नटाला पाना लावून हाताने इंजिन दोन फेरे फिरवा, म्हणजे तेल आत सगळीकडे लागतं. प्लग परत लावा. झालं.

आता डब्यात उरलेलं तेल बघितलं तर ते तळाला, आणि त्यात माशी. अंगाला बाहेरून लावायचं असतं तर गोष्ट वेगळी, पण हे पोटात जाणार. मेलेली माशी पोटात घालायची? मनाला पटेना. म्हणून मी शेगडीजवळची माझी खोबरेलाची बाटली आणली. नवी, शुद्ध, वासाची. नातीच्या टाळूवर घालते तेच तेल. दोन दोन चमचे घातलं, वर आणखी एकेक चमचा माझ्याकडून. पाना फिरवला तर असं मऊ फिरलं!

मिस्त्रीला सांगितलं नाही. उन्हाळ्यात सांगीन. चकित होईल.

१० नोव्हेंबर, रविवार

बॅटरी काढली. ती गार फरशीवर ठेवायची नसते. लाकडावर, कोरड्या जागी, जिथे ऊब असते तिथे. आमच्या घरात सगळ्यात उबदार आमची झोपायची खोली, म्हणून माझ्या बाजूला स्टुलावर ठेवली. हे म्हणाले, "आता हिच्याशी पण गप्पा मारू नकोस."

मागचा धुराचा नळ चिंध्यांनी बंद केला, नाहीतर उंदीर आत जाऊन संसार मांडतात. चिंधी लांब आणि ताणली जाणारी हवी होती. वाळत घातलेल्या कपड्यांत एक काळं लांबुळकं सापडलं, नेमकं हवं तसं. त्याचं शेपूट बाहेर लोंबतं ठेवलं, म्हणजे काढायचं लक्षात राहील. (लिहून ठेवते : धुराच्या नळात काळं फडकं.)

चाकांखाली लाकडी ठोकळे. हँडब्रेक सोडलेला. तो ओढून ठेवला तर चार महिन्यांत चिकटतो.

मिस्त्री पट्टा आवळत येऊन सगळं बघून गेला. प्लग मात्र उघडले नाहीत. जाताना एकच गोष्ट दोनदा बोलला, म्हणजे ती महत्त्वाची. "आता चालू करायची नाही. पाच मिनिटं चालू करून बंद केली तर आत दमट धरतं, केलेलं सगळं वाया. चालू करायची नाही."

मी म्हटलं, माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

एक मोठ्या मिशांचे गृहस्थ गाडी बघायला आले होते. मुलाच्या ओळखीचे. किती हौशी माणूस! टेप काढून गाडीची लांबी मोजली, रुंदी मोजली, फाटकही मोजलं. घरी अशीच शेड बांधायची असणार.

मुलगा नेमका फोनवर होता, म्हणून मीच सगळं दाखवलं. काही लपवलं नाही. हे दार कंबरेने ढकललं तरच लागतं. हा काच वर करायचा दांडा हातात येतो, घाबरायचं नाही, परत खोचायचा. पायाखाली भोक आहे, त्यातून रस्ता दिसतो, उन्हाळ्यात वारा छान लागतो. हॉर्न वाजवला की काचेवरची पुसणी फिरते. चढावर गाडी थांबते, पण दोन मिनिटं तिला रागावायचं नाही, मग आपणहून जाते.

मिशीवाले आधी "अरे वा" म्हणत होते, मग "असं का" म्हणायला लागले, मग नुसते "हं". मुलगा धावत आला. थंडीत त्याला घाम फुटलेला. तो म्हणाला, "आई गंमत करते हो!" मी म्हटलं, गंमत कसली, उतरून पायाखालचं भोक दाखवू का?

मिशीवाले म्हणाले, इंजिन चांगलं असेल तर बाकी बघू. पुढच्या वेळी आवाज ऐकतो.

सूनबाई तिची व्यायामाची पँट शोधतेय. या घरात वस्तू जागेवर राहतील तर शपथ.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

शेजारीण धापा टाकत आली. "अहो वहिनी, तुम्ही मोबाईलवर आहात!" तिच्या भाचीच्या फोनवर दिसलं. गारूबाई आणि मी, हातात पाना. खाली आमच्या मुलाचा नंबर.

मी विचारलं, नंबर कशाला? ती म्हणाली, "म्हणजे ज्याला आवडलं त्याने फोन करायचा."

आणि फोन येतायत म्हणे! तीन आले. सहासष्टाव्या वर्षी माणूस प्रसिद्ध होतं ते हे असं. मी यांना सांगितलं. शेजारीण यांना आणखी काही सांगणार होती, पण यांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती एकदम म्हणाली, "दूध उतू गेलं वाटतं माझं," आणि पळाली. संध्याकाळी साडेपाचला कसलं दूध!

यांना माझा हेवा वाटतो. एकतीस वर्षं गाडी यांनी चालवली आणि फोटो माझा आला. स्वाभाविक आहे. जेवणात मी यांना जास्त वाढलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

हे दुपारी दिसेनात. शोधलं तर शेडमध्ये, गाडीत बसलेले. डावा हात स्टिअरिंगवर. काच बंद. मला वाटलं माझं काम तपासतायत, म्हणून मीही दुसऱ्या बाजूने चढून बसले आणि सांगायला लागले, ठोकळे कसे बसवले, फडकं कुठे घातलं.

हे म्हणाले, "ऐक जरा."

मी म्हटलं, ऐकते, पण आधी हे ऐका, पेट्रोल काठोकाठ आहे.

"अगं, समज गाडी उन्हाळ्यात निघालीच नाही तर?"

हेच! हीच भीती मला रोज आहे. मी म्हटलं, तुम्हाला माझ्यावर भरवसा नाही म्हणून असं बोलता. निघेल. पहिल्या किल्लीला निघेल. नाही निघाली तर माझं नाव बदला. उद्या सगळे म्हणायला नकोत की एकतीस वर्षं चालली आणि बाईचा हात लागला तशी बंद पडली. मी एवढं बोलले, एवढं बोलले, की माझाच घसा बसला. मी बोलायला लागले की मला दुसऱ्याचं ऐकू येत नाही असं हे नेहमी म्हणतात. आज म्हणाले नाहीत.

थोड्या वेळाने नुसतं म्हणाले, "तू या कामात खूश आहेस, नाही?"

मी म्हटलं, लग्नानंतर इतकी पहिल्यांदाच. मग वाटलं, हे जरा कडू झालं. पण खरं आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

देवा रे.

सकाळी अंघोळीनंतर डोक्याला लावायला तेल घेतलं. काल रात्री बाटली न्हाणीघराच्या खिडकीत विसरले होते. थेंब पडेना. उजेडात धरली तर आत पांढरा दगड.

खोबरेल! थंडीत थिजतं! लहान पोराला माहीत असतं! मी बाटली कायम शेगडीजवळ ठेवते, माझं तेल कायम पातळ, म्हणून मला आठवलंच नाही. आणि गारूबाईच्या पोटात चार भोकांत तीन तीन चमचे. शेडमध्ये तर माझ्या तोंडातून वाफ येते.

माशी परवडली असती.

कुणाला सांगितलं नाही. यांना तर नाहीच. दुपारी सगळे आपापल्या कामात असताना गाडीचं बॉनेट उघडून इंजिनावर गरम पाण्याच्या दोन पिशव्या ठेवल्या, वर गोधडी. मग सूनबाईचं केस वाळवायचं यंत्र आणून अर्धा तास फुंकलं. इंजिन कोमट झालं की माझा हात, ते कळलं नाही.

हे दारात येऊन उभे. "काय करतेस?"

"ऊब देतेय."

"इंजिनाला?"

"तुम्हाला काय जातंय?"

हे गेले. जाताना पाठमोरे हसले असं वाटलं, पण प्लास्टर लागल्यापासून हे हसलेलेच नाहीत, तेव्हा भास असणार.

मिस्त्रीला फोन केला. विचारलं, समजा, एखाद्या बाईने, आमच्या ओळखीतल्या, प्लगच्या भोकात चुकून भलतंच तेल घातलं तर? तिकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "त्या बाईला सांगा, कशालाही हात लावू नका. सोमवारी येतो. तोवर गाडी चालू करू नका म्हणावं."

म्हटलं, सांगते तिला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

काही घडलं नाही. थंडी. बाटली रोज बघते, रोज दगड.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज सगळं लिहिते.

सकाळी मिशीवाले आले. या खेपेला बायकोला घेऊन. मी खुर्च्या मांडल्या. तेवढ्यात मुलगा आमच्या खोलीतून बॅटरी उचलून शेडकडे निघालेला दिसला. मी मागे धावले. "अरे, कुठे नेतोस तिला?"

"आई, दोन मिनिटं गाडी चालू करतो. यांना आवाज ऐकायचाय. मग परत झोपव."

दोन मिनिटं! माझ्या पोटात गोळा आला. त्या गाडीच्या पोटात तर होतेच, चार. मी बॉनेटवर दोन्ही हात पसरून उभी राहिले. म्हटलं, मिस्त्रीने सांगितलंय, मधे चालू करायची नाही. आत दमट धरतं. तेलाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मिशीवाले म्हणाले, "मावशी, आवाज ऐकल्याशिवाय मी काही पुढे जात नाही."

मी म्हटलं, "नका ना जाऊ. बसा. चहा टाकते."

"तसं नाही हो मावशी..."

"घुर्रर्र असा आहे आवाज. आणखी काय ऐकायचंय? उन्हाळ्यात या, पोटभर ऐका. झोपलेल्या लेकराला पाहुणे आले म्हणून कुणी उठवतं का? ते रडतं आणि पाहुणेही वैतागतात."

मिशीवाल्यांची बायको म्हणाली, "हे मात्र खरं हो." तिच्या घरी लहान मूल असणार.

मुलाने तोवर मागे जाऊन धुराच्या नळातलं फडकं ओढलं. ते लांबतच गेलं, लांबतच गेलं, आणि शेवटी दोन पाय निघाले.

सूनबाई ओरडली, "माझी व्यायामाची पँट!"

मुलगा ती पँट हातात धरून उभा. मिशीवाले तिच्याकडे, म्हणजे पँटकडे, बघत होते. मी म्हटलं, उंदीर नाही ना आला एकही? मग झालं तर.

"आई," मुलगा रडकुंडीला आला होता, "बाजूला हो. तुला यातलं काही माहीत नाही."

माहीत नाही म्हणे! वीस दिवस मी त्या गाडीच्या पोटाखाली लोळतेय! मी बोलायला तोंड उघडलं, तोच मागून आवाज आला, "ती बरोबर बोलतेय."

हे. खांद्यावर शाल, प्लास्टरचा हात छातीशी. येऊन माझ्या शेजारी बॉनेटला टेकून उभे राहिले. म्हणाले, "झोपवलेलं इंजिन मधेच उठवत नाहीत. मी एकतीस वर्षांत उठवलं नाही."

मुलगा म्हणाला, "पण बाबा, तुम्हीच तर हो म्हणालात ना!"

"म्हणालो होतो. आता नाही म्हणतो."

मिशीवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मग काका, आम्ही काय समजायचं?"

"उन्हाळ्यात या," हे म्हणाले. "आइस्क्रीम खायला."

"बायकोलाही आणा," मी म्हटलं. चहा न घेताच गेले. एवढ्याशा आवाजासाठी माणसाने इतकं मनाला लावून घ्यावं?

ते गेल्यावर मुलगा यांना म्हणाला, "बाबा, गुडघा साथ देत नाही, हात हा असा. डॉक्टरने सांगितलंय आता चालवायचं नाही. मग उन्हाळ्यात गाडी चालवणार कोण?"

प्रश्न बरोबर होता. माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं, मी आपली झोपवण्यातच गुंग. मी बॅटरी पोटाशी धरून म्हटलं, "मिळेल की कुणीतरी. गाडी निघायला तर हवी आधी."

हे माझ्याकडे बघत राहिले. माझ्या बाहीवरच्या काळ्या डागाकडे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

मिस्त्री आला. मी मन घट्ट केलं आणि दोघांच्या समोर सांगून टाकलं. म्हटलं, ती ओळखीतली बाई म्हणजे मीच.

मिस्त्रीने मला प्लग काढायला लावले. पहिल्या भोकाला नाक लावलं. मग उभा राहिला, भिंतीला हात टेकला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं कंबर गेली. तर हसत होता! एक हात पट्ट्यावर, डोळ्यांत पाणी. "काकू, खोबरेल? काकू, वासाचं?"

हे खुर्चीत. आधी नुसतं "खों" झालं. मग असे हसले, असे हसले, की प्लास्टर खुर्चीच्या हातावर खटाखट आपटत होतं. "अगं, त्या दिवशी गोधडी यासाठी होय!" म्हणून पुन्हा हसले. मला राग यायला हवा होता. पण इतक्या दिवसांनी हा आवाज कानावर पडला, मी गप्प ऐकत उभी राहिले. माझ्या आयुष्यातला हा दुर्मिळ प्रसंग.

मिस्त्री म्हणाला, काही बिघडलेलं नाही. चार-दोन चमच्यांनी इंजिन मरत नाही. त्याने प्लगच्या भोकांतून ऊन हवा सोडून तेल पातळ केलं, पातळ नळीने ओढून घेतलं आणि मशीनचं खरं तेल घालायला लावलं. दोन चमचे. मोजून. तो म्हणाला, उन्हाळ्यात पहिल्यांदा चालू कराल तेव्हा अख्ख्या गल्लीला केसांच्या तेलाचा वास येईल.

जाताना त्याने हळूच यांना विचारलं, "काका, मग त्या गिऱ्हाइकाचं?"

"नाही म्हणून कळवलं."

मी विचारलं, कुठलं गिऱ्हाईक? या थंडीत आइस्क्रीम कोण मागतंय? दोघे एकदम म्हणाले, "कुणी नाही." तर मग विचारलंच कशाला.

१ डिसेंबर, रविवार

आज जेवण झाल्यावर हे म्हणाले, चल शेडमध्ये. मला वाटलं काही चुकलं. तर यांनी गाडीचं उजवं दार उघडून धरलं, डाव्या हाताने, आणि म्हणाले, "बस."

"इथे? ही तुमची जागा."

"बस म्हणतो ना."

बसले. माझे पाय पुरेनात, म्हणून पाठीशी दोन उशा लावल्या. हे फेरी मारून दुसऱ्या बाजूने चढले. त्या बाजूला हे कधी बसलेच नव्हते. दार लागेना. मी म्हटलं, कंबरेने ढकला.

मग शिकवणी. पायाखाली तीन पट्ट्या, आणि पाय दोन. हे कुणी ठरवलं? डावा दाबायचा, दांडा हलवायचा, मग डावा हळू सोडायचा. मी सोडला तो धाडकन.

"बंद पडली," हे म्हणाले.

"बंदच आहे ती. बॅटरी माझ्या उशाशी आहे."

"तरी पडली. पुन्हा."

सात वेळा पडली. आठव्या वेळी नाही पडली. यांना कसं कळतं कोण जाणे, नुसतं माझ्या पायाकडे बघत होते. मी दुसऱ्या गिअरपर्यंत गेले. मार्चपर्यंत चौथा येईल म्हणाले, मग मिस्त्री खऱ्या रस्त्यावर घेऊन जाईल, मग परीक्षा. मी म्हटलं, परीक्षा लेखी असते का हो? मी चौथी. हे म्हणाले, तू वही भरलीस ना अर्धी, परीक्षेत तेवढं लिहायचं नसतं.

सूनबाईला कळलं, तर ती टाळ्या पिटत सुटली. मुलगा म्हणाला, "आई चालवणार? आमची आई?" आणि डोकं धरून बसला. पण मग उठला आणि माझ्यासाठी तिसरी उशी घेऊन आला.

संध्याकाळी पुन्हा गेलो, दोघेच. शेडचं दार बंद, समोर नुसती भिंत. मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. हे सांगत होते, आता फाटकातून बाहेर, आता डावीकडे वळ, आता सरळ, इथे खड्डा आहे, जरा उजवीकडून काढ. मी काढली. मला तो खड्डा दिसला.

"घंटा वाजव," हे म्हणाले. मी तोंडाने वाजवली.

"हळू, हळू. कोपऱ्यावर पोरं उभी आहेत."

मी ब्रेक दाबला. हे पुढे झुकले.